बिरुदेवाचा खून, मल्लप्पाचा नारळ

"मेलेली माणसं काय मारायला येणारेत होय!" बुद्धभूषणने छाती ठोकून सांगितलं आणि कथेतली खरी नावं बदलायचा बायकोचा, चैतालीचा, सल्ला उडवून लावला.

वळसंगकडच्या एका गावात पंचाहत्तर वर्षांपूर्वी जुलमी वतनदाराचा खून झाला होता. संशयित दोन, मल्लप्पा आणि बिरुदेव. दोघंही सुटले, पुढे दोघंही वारले, खुनी काही सापडला नाही. बुद्धभूषणने तो सोलापुरात पंख्याखाली बसून शोधला. बिरुदेव! कथा दिवाळी अंकात छापूनसुद्धा आली.

रविवारी सकाळी फोन वाजला. "बिरुदेवाचा नातू शिवलिंगप्पा बोलतोय. घरीच ऱ्हावा. आमी निघालोय."

बेल वाजली तेव्हा बुद्धभूषण न्हाणीघरात कडी लावून बसला होता!

"अहो, बाहेर या," चैतालीने दार वाजवलं. "पाचच जण आहेत."

"हातात काय आहे?"

"पिशवी. जड दिसतेय."

तो कडी काढून बाहेर आला. शिवलिंगप्पाने पिशवीत हात घातला. बुद्धभूषणने डोळे गच्च मिटले. खांद्यावर टॉवेल पडला आणि हातात नारळ!

"आमच्या आज्ज्याचं नाव केलंसा की! वतनदाराला ज्यानं संपिवलं, त्याच्या घरचा नारळ यात्रेत पयला फुटतो. इतकी वर्सं मल्लप्पाच्या घरचा फुटायचा. पंचांनी तुमची गोष्ट वाचली, म्हनले छापलंय म्हंजे खरंच. औंदा मान आमचा!"

बुद्धभूषणचा जीव भांड्यात पडतोय तोच पुन्हा बेल वाजली. दारात मल्लप्पाचा नातू शंकरप्पा, मागे दहाजण, आणि यांच्या हातात सरळ काठ्याच!

"आमच्या आज्ज्याचा खून दुसऱ्याला देनारा कुटं हाय?"

"अहो, ती गोष्ट आहे! मनानं लिहिलीय!" बुद्धभूषणने नारळ छातीशी धरला.

"मनानं?" आता शिवलिंगप्पाही उठला. "म्हंजे आमच्या आज्ज्यानं मारलं न्हाय?"

पुढून काठ्या, मागून पाचजण. बुद्धभूषण जीव खाऊन ओरडला, "दोघांनी मिळून मारलं! तसं छापून आणतो! दोन नारळ फोडा!"

काठ्या भिंतीला टेकल्या. चैतालीने चहा आणला. बुद्धभूषणने कपाळावरचा घाम सत्काराच्या टॉवेलने पुसला. वाचलो, त्याला वाटलं.

शंकरप्पाने बशी खाली ठेवली.

"दोघांनी मारलं, व्हय. पन पयला घाव कुनाचा?"

चैतालीने न्हाणीघराचं दार उघडून ठेवलं.