शेजारशेजारच्या दोन सीटा

डॉक्टरांचा फोन किणकिणला तेव्हा त्यांचे दोन्ही हात एका वकिलाच्या तोंडात होते. वरची उजवी दाढ, आतून पार पोखरलेली. डॉक्टरांनी ड्रिल थांबवलं, हातमोजा ओढून काढला आणि फोन उचलला. ‘बारा सी रिकामी झाली आहे. घ्यायची?’

“घ्यायची म्हणजे काय? घ्यायचीच!” डॉक्टर ओरडले.

वकिलाने घाबरून तोंड मिटलं.

“तुम्ही कशाला मिटताय? उघडा! तुमच्याशी नाही बोलत मी!”

डॉक्टरांचा हात जितका हलका, तितकंच डोकं गरम. एरवी हा राग पेशंटांमध्ये थोडा थोडा वाटला जायचा. गेला आठवडाभर मात्र तो सगळाच्या सगळा एका विमान कंपनीच्या नावाने साठत होता. परदेशातल्या मुलीला मुलगी झाली होती आणि नातीला बघायला नवरा-बायको निघाले होते. बाई एका शाळेच्या मुख्याध्यापिका. त्यांची रजा मंजूर व्हायला चार दिवस उशीर झाला, म्हणून मेव्हण्याने दोघांची तिकिटं वेगवेगळी काढली. डॉक्टर एकतिसाव्या रांगेत, दोन माणसांच्या मधे. बाई एकोणिसाव्या रांगेत, त्याही दोन माणसांच्या मधे. सहा तासांचा प्रवास.

“बारा रांगांचं अंतर!” डॉक्टर मेव्हण्यावर कडाडले होते. “तिच्याशी काही बोलायचं झालं तर पत्र पाठवू?”

“दाजी, चिडू नका हो. लोक शेवटपर्यंत तिकिटं रद्द करतात, सीटा बदलतात. हे अ‍ॅप टाकून देतो. चांगली सीट मोकळी झाली की वाजेल. जो आधी बोट लावेल त्याची सीट. ताईच्या तिकिटाचा नंबरही घालतो यात, म्हणजे दोन्ही तुम्हालाच बदलता येतील.”

हेच अ‍ॅप, दोन्ही तिकिटांच्या नंबरांसकट, त्याने आदल्या दिवशी बहिणीच्या फोनमध्येही टाकलं होतं. ते सांगायचं मात्र राहून गेलं. मेव्हण्याचं बहुतेक महत्त्वाचं बोलणं असंच राहून जात असे.

आता नवरा-बायकोने एकमेकांना विचारलं असतं तर काम दोन मिनिटांचं होतं. पण घरात विमानाचं नाव निघालं की डॉक्टरांचा आवाज चढायचा, मग बाईंचा चढायचा, आणि भाजी थंड व्हायची. शेवटी बाईंनी शाळेत काढतात तसं फर्मान काढलं, “यापुढे या घरात विमानाचा विषय नको. काय व्हायचं ते होईल.” डॉक्टर “नको तर नको!” म्हणाले आणि दोघांनीही मनातल्या मनात ठरवलं की हे काम आता आपणच गुपचूप तडीस न्यायचं.

तर मंगळवारी डॉक्टर एकतिसातून बारा सीमध्ये आले. बुधवारी शिक्षकांच्या सभेत बाईंचा फोन वाजला. एकतीस ए मोकळी झाली होती. नवरा एकतीस बीमध्ये आहे हे त्यांना पाठ होतं, त्यामुळे तो अजून तिथेच आहे का हे बघायची गरज त्यांना वाटली नाही. त्यांनी टेबलाखालून बोट लावलं आणि एकतीस ए घेतली. गुरुवारी बारा बी मोकळी झाली. डॉक्टरांनी बायकोच्या तिकिटाचा नंबर दाबला आणि ती कुठे बसली आहे हे न बघता तिला उचलून आपल्या शेजारी आणून ठेवलं.

झालं की! नवरा बारा सीमध्ये, बायको बारा बीमध्ये. प्रकरण इथे मिटायला काहीच हरकत नव्हती.

शुक्रवारी बाईंनी सहज फोन उघडला आणि आपण बारा बीमध्ये आहोत हे पाहून त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्यांनी कंपनीला फोन लावला.

“मी एकतीस ए घेतली होती. मला बारा बीमध्ये कोणी टाकलं?”

“मॅडम, बारा बी पुढची आहे. जास्त चांगली आहे,” पलीकडची मुलगी गोड आवाजात म्हणाली.

“मला चांगली नकोय! मला माझी हवीय!”

“पण बदल तुमच्याच तिकिटाचा नंबर घालून झालाय मॅडम.”

“म्हणजे माझ्या तिकिटात कुणीतरी शिरलाय! तक्रार लिहून घ्या. हा उद्योग जो कोणी करतोय त्याला काडीची अक्कल नाही. लिहिलंत? आता वाचून दाखवा.”

मुलीने वाचून दाखवलं. बाईंनी एक शब्द दुरुस्त करून घेतला आणि फोन ठेवला. एकतीस ए तोवर दुसऱ्या कुणी पटकावली होती. पण सत्तावीस डी आणि ई जोडीने रिकाम्या दिसत होत्या. बाईंनी स्वतःला तिथे नेलं, पाठोपाठ नवऱ्यालाही नेलं, आणि समाधानाने वर्गावर गेल्या.

शनिवारी सकाळी दवाखान्यात कुणाच्या तरी हिरडीला इंजेक्शन देऊन, ती बधिर होईपर्यंत डॉक्टरांनी फोन पाहिला.

“सत्तावीस? बारावरून सत्तावीसला फेकलं?”

कंपनीच्या फोनवर तीच मुलगी होती. “सर, पण तुम्ही दोघं शेजारीच आहात...”

“शेजारी गेलं खड्ड्यात! मी रुग्ण सोडून, जिवाचं रान करून पुढची सीट मिळवली आणि तुम्ही मला पंधरा रांगा मागे ढकलता? आणि माझ्या बायकोलाही? कुणीतरी नालायक माणूस तिच्या मागे लागलाय! मी तिला बसवतो, तो तिला उठवतो! तक्रार लिहा. ‘नालायक’ हाच शब्द लिहा!”

संतापाच्या भरात त्यांनी पंधरा ए दिसली तशी स्वतःसाठी घेतली. बायकोसाठी पंधरा बी घ्यायला जातात तो ती गेलेली. संध्याकाळी बाईंनी नवऱ्याला परत सत्तावीसमध्ये आणलं. तासाभराने डॉक्टरांनी स्वतःला पुन्हा बाहेर काढलं. रविवारची दुपार तर दोघांनी एकाच सोफ्यावर, पाठीला पाठ लावून, फोनवर बोटं आपटण्यात काढली.

“एवढं काय बघताय हो?”

“बातम्या. फार वाईट आहेत. तुझं काय चाललंय?”

“शाळेचं काम. एक कार्टं आहे, जागेवर बसतच नाही.”

पाच वाजता दोन्ही फोन एकदम वाजले. ‘फार वेळा बदल केल्यामुळे आपली आसने रद्द करण्यात आली आहेत. आसने आता विमानतळावरच मिळतील.’

“हरामखोर!” डॉक्टर उठून उभे राहिले.

“निर्लज्ज!” बाईही उभ्या राहिल्या. “आपली दोघांची घालवली यांनी. मला पण आत्ताच निरोप आलाय.”

“उद्या बघतोच एकेकाला!”

आठ-दहा दिवसांत पहिल्यांदाच दोघांचं एकमत झालं होतं. सोमवारी विमानतळावर ते असे शिरले की सामानाच्या गाड्यांनी आपोआप वाट दिली. काउंटरवरच्या मुलीने नमस्कार म्हणायच्या आतच डॉक्टरांनी टेबलावर हात आपटला.

“आमच्या सीटांशी आठवडाभर कोण खेळतंय? नाव सांगा!”

“आणि पत्ताही,” बाई म्हणाल्या.

मुलीने संगणकात डोकं घातलं. वाचता वाचता तिच्या भुवया वर वर जायला लागल्या. “एकूण चौदा बदल झालेत. आठ एका फोनवरून, सहा दुसऱ्या फोनवरून.” तिने दोन्ही फोनचे शेवटचे चार आकडे वाचले.

डॉक्टरांनी बाईंकडे पाहिलं. बाईंनी डॉक्टरांकडे पाहिलं.

“दोन तक्रारीही आहेत,” मुलगी म्हणाली. “प्रवाशांच्याच शब्दांत. वाचू?”

“नको,” दोघं एकदम म्हणाले. पण रांगेतला मागचा माणूस “वाचा की,” म्हणाला, आणि मुलगी वाचून मोकळी झाली.

“मला काडीची अक्कल नाही?” डॉक्टर हळू आवाजात म्हणाले.

“आणि मी नालायक? वर माझ्याच मागे लागलेली?”

“खरं सांगायचं तर,” मुलगी म्हणाली, “तुम्ही तीनदा अगदी शेजारी होतात. गुरुवारी, शुक्रवारी आणि शनिवारी. आता एकोणतीस बी आहे आणि आठ ई आहे. एकत्र काहीच नाही. शेजारी बसायलाच हवं असं काही कारण आहे का? तब्येतीचं वगैरे?”

बाईंनी तोंड उघडलं. डॉक्टरांनी डोळे वटारले. बाईंनी तोंड मिटलं.

कारण होतं. विमान जमीन सोडायला लागलं की डॉक्टरांच्या कपाळाला घाम फुटायचा आणि कुणाचा तरी हात घट्ट धरल्याशिवाय श्वास घेता यायचा नाही. तीस वर्षं लोकांना “काही होत नाही, घाबरताय काय?” म्हणून दटावणाऱ्या माणसाची ही गोष्ट जगात फक्त बायकोला ठाऊक होती. आठवडाभराचा तो सगळा आरडाओरडा त्या एका हातासाठी चालला होता.

“काही कारण नाही!” डॉक्टर गरजले.

तेवढ्यात आतून एक साहेब आले. या जोडप्याची कीर्ती त्यांच्यापर्यंत पोचली होती आणि विमान सुटण्याआधी काउंटर मोकळा करायचा होता. “मॅडम, तुमची तक्रार फार सविस्तर होती. कंपनीतर्फे आम्ही तुम्हाला पुढच्या वर्गात बसवतो. दोन ए. मोठी सीट, पाय पसरून झोपता येतं. मात्र जागा एकच आहे.”

“मला नको,” बाई म्हणाल्या.

“का नको?” डॉक्टरांचा स्वाभिमान फणा काढून उभा राहिला. “घे! माझं काय अडलंय? मी काय लहान आहे? जा, बस पुढे!”

“बघा हं.”

“बघितलं! जा!”

बाई गेल्या. डॉक्टर एकोणतीस बीमध्ये जाऊन बसले. खिडकीशी एक धिप्पाड माणूस आताच घोरायला लागला होता. दुसऱ्या बाजूला सुटाबुटातला एक गृहस्थ दोन्ही कोपरं पसरून वर्तमानपत्र वाचत होता. डॉक्टरांनी पट्टा लावला, सोडला, परत लावला. त्यांनी घोरणाऱ्याच्या हाताकडे पाहिलं, मग सुटाबुटातल्याच्या हाताकडे पाहिलं, आणि स्वतःचे दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले. मेव्हण्याला, कंपनीला आणि ज्याने विमानाचा शोध लावला त्याला त्यांनी मनातल्या मनात शिव्या घातल्या. उपयोग झाला नाही. घाम आलाच.

इतक्यात पुढून पावलांचा आवाज आला. पर्स काखेत मारून बाई येत होत्या, उशिरा आलेल्या पोरांचा वर्ग गाठायला निघाल्यासारख्या. त्या सुटाबुटातल्या गृहस्थासमोर थांबल्या.

“तुम्ही पुढे जाऊन बसा. दोन ए. मी इथे बसते.”

“मी? दोन ए?” गृहस्थाने एकही प्रश्न विचारला नाही. बाईंचा विचार बदलेल या भीतीने तो उठला तो वर्तमानपत्र, चष्म्याचं घर आणि एक पायमोजा तिथेच टाकून निघाला.

बाई बसल्या. डॉक्टरांच्या रागाला आता नवा धुमारा फुटला.

“एवढी मोठी सीट त्या माणसाला दिलीस? ओळख ना पाळख! द्यायचीच होती तर मला का नाही दिलीस?”

“दिली असती. मग तुमच्या शेजारी कोण असतं?”

डॉक्टरांनी विचार केला. मग मोर्चा पुढे गेलेल्या गृहस्थाकडे वळवला.

“आणि तो बघ कसा उठला! लगेच! विचारल्याबरोबर! आपण आठवडाभर मरतोय आणि याला साधं ‘नाही’ म्हणता येत नाही? माणसं अशी कशी असतात?”

“असतात,” बाई म्हणाल्या. “पट्टा लावलात?”

विमानाने वेग घेतला. डॉक्टरांनी बायकोचा हात धरला, रागानेच धरला, आणि विमान ढगांच्या वर जाऊन स्थिर झालं तरी राग काही उतरला नाही. नात हातात येईपर्यंत तो तसाच होता. हातही.