साहेबांच्या वतीने चोथा

माणूस जितका मोठ्या पदावर, तितकी त्याची कामं इतरांनी करायची असतात. यालाच प्रशासन म्हणतात. आमच्या साहेबांचं प्रशासन आदर्श होतं. दौरा ते करीत, अहवाल उपसाहेब लिहीत. भाषण ते देत, ऐकत आम्ही (यातलं अवघड काम कोणतं, ते सांगायला नको). अशा माणसाच्या मोठ्या आतड्याला सूज यावी, आणि ती खुद्द त्यांनाच यावी, ही यंत्रणेतली गंभीर त्रुटी होती.

डॉक्टरांनी समजावलं, "साहेब, आतड्यातले जंतू चोथ्यावर जगतात. पालेभाज्या, कडधान्यं, सालीसकट फळं खा. चोथा मिळाला की ते आतड्याची राखण करतात. नाही मिळाला, की आतड्याचंच अस्तर कुरतडतात. हा बिस्किटांचा रतीब चालूच राहिला, तर एक दिवस आतडं कापावं लागेल."

साहेबांना हे तत्काळ पटलं. खात्याचंही असंच चालतं.

"पण हे सगळं मलाच खावं लागेल?"

"मग कोणाला?"

"नाही, म्हणजे, आमच्याकडे माणसं आहेत."

दुसऱ्याच दिवशी परिपत्रक निघालं: 'तंतुमय पदार्थांचे सेवन, साहेबांच्या वतीने.' नेमणूक हेडक्लार्कची झाली. त्यांचे दात शाबूत होते, बढती अडकलेली होती आणि नाही म्हणायची सवय नव्हती.

मग रोज मधल्या सुट्टीत हेडक्लार्क साहेबांसमोर बसून वाडगाभर मोड आलेली कडधान्यं, उकडलेला पाला आणि सालीसकट सफरचंद खाऊ लागले. साहेब क्रीमची बिस्किटं खात जातीने देखरेख करीत.

"नीट चावा हो," ते म्हणत. "आतडं माझं आहे."

तिमाहीत एकशे बारा टक्के उद्दिष्ट गाठलं गेलं. हेडक्लार्कच्या चेहऱ्यावर तुकतुकी आली. पूर्वी संडासात त्यांचं अख्खं वर्तमानपत्र वाचून व्हायचं, आता मथळेही पुरे होईनात. याबद्दल सर्वांनी साहेबांचं अभिनंदन केलं.

साहेबांचं पोट मात्र चढत्या श्रेणीने दुखत राहिलं. हेडक्लार्ककडून लेखी खुलासा मागवण्यात आला.

"साहेब, मी देठसुद्धा टाकत नाही हो," ते रडवेले होऊन म्हणाले.

"मग माझं का दुखतंय?"

कार्यालयाने फायलींत माना घातल्या. (कारण सगळ्यांना माहीत होतं, पण ते साहेबांना सांगणं कोणाच्याच कामकाजात बसत नव्हतं.)

अखेर शस्त्रक्रिया ठरली. स्ट्रेचरवरून साहेबांनी क्षीण आवाजात विचारलं, "हेडक्लार्कला आत पाठवलं तर?" डॉक्टर नाही म्हणाले. कारकिर्दीत साहेबांनी स्वतः पार पाडलेलं हे पहिलंच काम.

तुम्ही हसलात, ते साहजिकच आहे. आरोग्यावरचं काही वाचून संपवलं की दोन गाजरं खाल्ल्याचं समाधान मिळतं आणि बिस्किटांचा पुडा पुन्हा उघडायला हरकत उरत नाही. पानावर सांडलेला चुरा तेवढा झटकून टाका. बाकी काळजी नको. तुमच्या वतीनेही आमचे हेडक्लार्क खात आहेत, अगदी नीट चावून.