कॉलेजच्या मैदानातला लग्नचौक

माझी शाळा दुसरीपर्यंत. तिसरीच्या वाटेत बकऱ्या आडव्या आल्या. पण लिहिण्यात अख्ख्या डहाणू तालुक्यात माझ्या तोडीची बाई दाखवा, मी तिच्या घरी वर्षभर फुकट भात कांडीन! आम्ही वारली लोक चित्र काढत नाही, लिहितो. शेणाने सारवलेली भिंत, तांदळाचं पीठ, टोक चावलेली बांबूची काडी आणि बायजीचा हात. रेघ अशी सरळ, की तिच्यापुढे तलासरीचा हायवे वाकडा वाटावा!

तर यंदा मे महिन्यात माझी नात भारती कैनाडला घरी आली ती धापा टाकत. डहाणूच्या कॉलेजात दुसरं वर्ष संपवलेली पोर, पण तोंड असं की परीक्षा पुन्हा द्यायला सांगितलीय.

"आजी, कॉलेजात तीन दिवस उन्हाळी कला महोत्सव आहे. यंदा पहिल्यांदा आपल्या लोकांना मांडव दिलाय. मी सूर्यकांत सरांना शब्द दिला म्हणून. नीट झालं तर सर मला नाशिकच्या चित्रशिक्षकाच्या कोर्ससाठी चिठ्ठी देणार. तिसरं वर्ष झालं की थेट तिकडे!"

"मग रडतेस कशाला?"

"नीट होईल ना?"

"मी असताना?" मी म्हटलं. "पोरी, जा, घोडं विकून झोप!"

आता सरांना काय हवं होतं, तर कारवीच्या कुडाची भिंत, वर शेण-गेरू आणि त्यावर अख्खा लग्नचौक. इथेच पंचाईत होती. लग्नचौक घरात लग्न असेल तरच लिहितात. मधोमध पालघट देवी बसते. देवी बसली म्हणजे लग्न लागलंच पाहिजे. तिला बोलावून रिकाम्या हाती परत पाठवायला ती काय पंचायतीतला अर्जदार आहे?

भारती म्हणाली, "आजी, नुसती झाडं काढू. नाच काढू."

"एवढी भिंत सारवून नुसती झाडं? मी काय कॅलेंडर छापतेय?"

माझ्या डोक्यात तोडगा तयार होता. चौकट पूर्ण लिहायची, किनार, सूर्य, चंद्र, शिडी, फणी, सगळं. फक्त मधली जागा कोरी ठेवायची. देवीच नाही बसली तर लग्न कसलं? बघणाऱ्यांना चौक दिसला, देवीला त्रास नाही. एवढी हुशारी दुसरीत शिकवत नाहीत, ती अंगात असावी लागते!

आणखी एक अडचण होती, ती सांगूनच टाकते. चौकाची पहिली रेघ लग्न झालेल्या सवाशिणीने ओढायची असते. आणि माझं लग्न व्हायचंय.

हसू नका. आमच्यात आधी संसार मांडतात, मग भात पिकलं, माणसं जमली की लग्न. कोणाकोणाचं तर पोरांच्या मांडवात उरकतं. माझा म्हातारा चिमण बेचाळीस वर्षं म्हणतोय, "पुढच्या वर्षी करू." एका वर्षी पावसाने भात झोपवलं. एका वर्षी त्याचा बाप गेला. मुलाच्या लग्नात त्याच मांडवात उभं राहायचं ठरलं, तर सकाळी ह्याच्या पायाला विंचू चावला! नवरदेव टुम्म पाय घेऊन खाटेवर, आणि मी मागे भांडी घासतेय. तेव्हापासून माझी नणंद गंगी प्रत्येक लग्नात मला ऐकवते. ती रानशेतची धवलेरी, म्हणजे गाणी म्हणून लग्न लावणारी बाई. आमच्यात भटजी नसतो, गंगी असते. आणि भर मांडवात म्हणते, "वयनी, तू जरा मागे सरक गो, तुझं बाकी हाय!"

तरी चौक लिहायला लोक मलाच बोलावतात. पहिली रेघ कोणीतरी ओढते, बाकीचं सगळं मी. कॉलेजात ती रेघ सरांच्या बायकोला, यमुना मॅडमना, ओढायला लावली. त्यांनी ती गांडुळासारखी ओढली. मी तिची वेल करून टाकली.

पहिल्या दिवशी दुपारपर्यंत चौक तयार. मैदानातली पोरं मोबाईल वर करून उभी. सर म्हणाले, "बायजीबाई, अद्भुत! पण मधे रिकामं का?"

"ते रिकामं नाही सर, ते राखीव आहे."

सरांनी वहीत लिहून घेतलं. शिकलेल्या माणसाला काहीही सांगा, तो लिहून घेतो.

मग मी बाकीचं प्रदर्शन बघायला निघाले. चिमण झाडाखाली बर्फाचा गोळा चोखत बसला होता, त्याला म्हटलं, "चौकाकडे लक्ष ठेवा." त्याने मान हलवली. आता मला सांगा, त्या माणसाने बेचाळीस वर्षांत कशाकडे लक्ष ठेवलंय?

चौथ्या मांडवात सोनल नावाची शहरी पोरगी छत्र्या विकत होती. छत्र्यांवर आमची चित्रं!

"हे काय गं?"

"वारली आर्ट, आजी! स्टिकर आहे."

"ही सगळी तारपा फुंकणाऱ्याकडे पाठ करून का नाचतायत?"

"अं?"

"अगं, तारपेवाल्याला कधी पाठ दाखवत नाहीत! रुसलेत का ते त्याच्यावर?"

पोरगी चांगली होती. "मग दाखवा ना आजी," म्हणाली आणि पेन दिला. मी बसले. एक छत्री झाली, दोन झाल्या, सात झाल्या. समोर रांग लागली. मी आपली खुशीत. आणि तिकडे चौकापाशी, ऐकणाऱ्यांनो, माझी नणंद पोचली होती!

गंगीला मीच बोलावलं होतं. म्हटलं, बघू दे तिला माझा थाट. तर ती आली, चौकासमोर उभी राहिली, आणि तिला दिसलं की मधे देवीच नाही! दुसऱ्या कोणी विचारलं असतं, वाट बघितली असती. गंगी नाही. तिला वाटलं, लग्नाचाच चौक, वयनी म्हातारी झाली, विसरली. माझी लाज राखायला म्हणून तिने काडी उचलली, देवी लिहून काढली, आणि धवलेरीच ती, देवी लिहिताना गाणं म्हटल्याशिवाय तिचा हात चालतो का? चारी कडवी म्हटली! हे सगळं तिची नात निलम मोबाईलमध्ये घेत होती. निलमने ते लगेच स्टेटसला टाकलं.

पूर्वी आमच्याकडे बातमी पायी चालत जायची, वाटेत ताडी पिऊन बसायची, चार दिवसांनी पोचायची. आता ती स्टेटसला बसली की चहा उकळायच्या आत तलासरी!

मी परत आले तर देवी बसलेली.

"गंगे! काय केलंस हे?"

"तू विसरलीस ते केलं. उपकार मानू नको."

"विसरले नव्हते, मुद्दाम सोडलं होतं! इथे लगीन नाय कोणाचं!"

गंगीचा चेहरा पिठासारखा पांढरा झाला. "लगीन नाय? मग मी गायले कोणासाठी?"

आम्ही दोघींनी चिमणकडे बघितलं.

"लक्ष होतं माझं," तो म्हणाला. "चांगली काढली तिने. मी बघत होतो."

पुसावी म्हटलं, तर बसलेली देवी पुसायची कोणी? गंगी म्हणे तू, मी म्हणे तू. दोघींनी हात जोडले आणि घरी गेलो. म्हटलं, कोणाला काय कळतंय!

दुसऱ्या दिवशी दहाच्या सुमाराला कॉलेजच्या फाटकातून टेम्पो शिरला. त्यात ढोल. त्यात हळद. त्यात तांदळाची गोणी, दोन कोंबड्या, आणि वीस-बावीस माणसं. सगळ्यात पुढे तलासरीचा माझा धाकटा भाऊ शुक्रा, डोक्याला फेटा, नाक लाल.

"बायजे! घरातल्या पोरीचं लगीन, आणि सख्ख्या भावाला मोबाईलवर कळावं? मी काय मेलो होतो?"

"शुक्रा, ऐक तरी..."

"चौक लिहिला, देवी बसली, गाणं झालं! आता काय ऐकू? नवरी भारतीच ना? नवरा कुठाय?"

"नवरा नाय रे!"

"नवरा नाय?" शुक्राने फेटा सारखा केला. तो संकटात नेहमी फेटा सारखा करतो, आणि मग संकट वाढतं. "काय काळजी करू नको. आपला विनोद हाय की! बायकोचा भाचा. आयटीआय झालाय, बिनलग्नाचा हाय, आणि टेम्पो पण त्याचाच. विनोद, खाली उतर!"

टेम्पोच्या खिडकीतून एक घाबरलेलं तोंड दिसलं. "मामा, मला साडेअकराला वापीचं भाडं हाय!"

"भाडं मग. आधी हळद!"

बायका हळद कालवायला बसल्यासुद्धा. ढोल सुरू झाला. पोरं नाचायला लागली. त्यात सूर्यकांत सर धावत आले. मला वाटलं, आता हाकलतात. तर माणूस आनंदाने घामाघूम! त्यांना वाटलं हे सगळं भारतीने बसवलंय. धावत जाऊन माइक घेतला, "रसिकहो, सर्वांनी मैदानात यावं! थोड्याच वेळात पारंपरिक विवाहविधीचं थेट सादरीकरण!"

नाटकाच्या मांडवातली माणसं आली. गाण्याच्या मांडवातली आली. सोनल छत्री घेऊन आली. तीन परीक्षक खुर्च्या घेऊन पुढे बसले.

आणि भारती माझा पदर धरून उभी. एरवी माझ्यासारखी तिखट पोर, पण आता कुजबुजत होती.

"आजी, मला शिकायचंय."

"माहीत हाय."

"सगळ्यांसमोर नाही म्हटलं तर देवीचा अपमान. आपली माणसं नाराज. सर पण पुन्हा कधी मांडव देणार नाहीत. आणि हो म्हटलं तर..."

तिच्या गालाकडे हळदीचा हात येत होता. शुक्राच्या बायकोचा. एक वीत अंतर राहिलं होतं.

त्या पोरीने मला म्हटलं होतं, नुसती झाडं काढू. आणि मी? मिरवायला निघाले होते! माझ्या मिरवण्याची हळद तिच्या तोंडाला लागणार होती. मी ताडकन मधे शिरले आणि तो हात धरून हळद सरळ माझ्याच गालाला फासली!

"थांबा! नवरी भारती नाय. नवरी मी!"

ढोल बंद. एक कोंबडी तेवढी ओरडली.

"माझं लगीन बाकी हाय की नाय?" मी गंगीला विचारलं. "तूच दर मांडवात सांगतेस ना? मग आज लाव! चौक हाय, देवी हाय, माणसं हायत, धवलेरी हाय. पोरीचं नाव कोणी घ्यायचं नाय. तिला नाशिकला जायचंय!"

शुक्राने पुन्हा फेट्याला हात घातला. मी डोळे वटारले. हात खाली आला.

"आणि नवरा?" कोणीतरी विचारलं.

सगळ्या मैदानाने मान वळवली. झाडाखाली चिमण. हातात काला खट्टा गोळा, ओठ जांभळे, बनियनवर ठिपके.

"मला विचारलं का कोणी?" तो म्हणाला.

"बेचाळीस वर्षं विचारतेय!"

"मग अजून थोडा विचार करू दे की!"

मैदान असं हसलं की परीक्षकांच्या खुर्च्या डगमगल्या. पण त्याने गोळा खाली ठेवला हो. हात धोतराला पुसले, पाय बघितला, विंचू वगैरे नाही ना याची खात्री केली, आणि चालत आला. विनोदने स्वतः पुढे होऊन त्याच्या अंगावर आपला नवा शर्ट चढवला. एवढ्या मनापासून नवरदेव सजवताना मी कोणाला बघितलं नाही!

गंगी गायला लागली. पहिल्याच ओळीला तिचा आवाज अडला.

"काय झालं गो?"

"डोळ्यात धूर गेला, वयनी."

मैदानात चूल नव्हती.

लग्न लागलं. तांदूळ पडले. आमच्या माणसांनी डोळे पुसले, आणि शहरातली पोरं ओरडली, "वन्स मोअर!" चिमण घाबरून म्हणाला, "पुन्हा करायचं?" विनोद एवढा नाचला की त्याचं वापीचं भाडं गेलं. कोंबड्या जेवणात गेल्या, आणि यमुना मॅडमनी हट्टाने स्वतः वाढलं.

सरांना शेवटी मी खरं ते सांगितलं. म्हटलं, हे सादरीकरण नव्हतं सर, हे लगीन होतं. त्यांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, "पुढच्या उन्हाळ्यात मांडव नाही देणार." भारतीचं तोंड पडलं. "सभागृहाची अख्खी भिंत देणार. आणि ती कोणी लिहायची, काय लिहायचं, ते भारती ठरवेल. नाशिकची चिठ्ठी मी आजच लिहितो."

"झाडं," भारती माझ्याकडे बघून म्हणाली. "नुसती झाडं!"

तिसऱ्या दिवशी बक्षीस समारंभ झाला. आम्हा दोघांना स्टेजवर बोलावलं, सोनेरी किनारीचा जाड कागद दिला. गावात कोणाकडे लग्नाचा कागद आहे? माझ्याकडे आहे! मी त्याला काच लावून दारासमोर टांगलाय. येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवते, सरकारी शिक्क्यासारखा शिक्का आहे बघा!

परवा गंगी आली होती. म्हणाली, "वयनी, लिवलंय काय त्यावर?" दुसरीच्या शाळेला तेवढं जोडाक्षर झेपेना, म्हणून भारतीला वाचायला लावलं.

"श्री. चिमण आणि सौ. बायजी," तिने वाचलं. "सामूहिक सादरीकरण. उत्तेजनार्थ."

"म्हणजे पहिला नंबर?"

"नाही आजी. म्हणजे... प्रयत्न बरा होता, पण पहिल्या तिघांत नाही."

चिमणने ओट्यावरून मान वर केली. "बेचाळीस वर्षांचा संसार बघता," तो म्हणाला, "परीक्षक जाणते होते."

गंगी माझ्या तोंडाकडे बघत राहिली, आता ही काय बोलते म्हणून. मी पदर सारखा केला, खाली बघितलं.

नवी नवरी ना मी!