घोड्याच्या पाठीवरची यादी

फ्रिजवरचं चुंबक टक्कन फरशीवर पडलं आणि शनिवारच्या सकाळची शांतता मोडली. पाठोपाठ सात वर्षांच्या विनीने काढलेलं घोड्याचं चित्र पडलं, तेही पालथं. लॉरेनबाईंनी ते उचललं, चष्मा चढवला आणि घोड्याच्या मागचा मजकूर वाचू लागल्या.

कडेवर बाळ घेतलेली त्यांची सून कोरीन जागीच थिजली. देशाच्या कर्जाची मर्यादा गाठली गेली होती आणि संसद ती वाढवत नव्हती. नवं कर्ज बंद, मग तिजोरीत उरलेले पैसे आधी कुणाला द्यायचे, याची कच्ची यादी अर्थखात्यातल्या कोरीनने बाळाला थोपटता थोपटता हाताला लागेल त्या कागदावर खरडली होती. ती बाहेर फुटली तर नोकरी गेलीच.

"सावकारांचं व्याज पहिलं, सैनिक दुसरे," लॉरेनबाई वाचत होत्या. "म्हाताऱ्यांचं पेन्शन सातवं. चाळीस वर्षं पगारातून पैसे कापून दिले मी. मी सातवी?"

"अहो, कच्चा कागद आहे तो. कुणाला बोलू नका."

त्या कुणाला म्हणजे कुणाला बोलल्या नाहीत. फक्त चर्चमधल्या डोलोरेसला. तासाभरात, मयताच्या घरी आणतात तशी झाकलेली गरम भांडी घेऊन शेजारी दारात हजर. लॉरेनचं पेन्शन गेलं, फार वाईट झालं. बरं, आमचा नंबर कितवा?

"मी सैनिकही आणि म्हाताराही," निवृत्त सार्जंट मर्ल कोरीनला म्हणाले. "मला आपला दुसऱ्यातच धर."

सरकारी नोकराने वीस डॉलरहून महाग भेट घ्यायची नाही, हा नियम कोरीनला नेमका तेव्हा आठवला. मर्लच्या भांड्यातल्या शेंगा वीसच्या आत बसल्या; डोलोरेसचा महागडा खेकडा परत गेला. डोलोरेसच्या चेहऱ्यावरचा रंगच उडाला.

"म्हणजे यादी खरी आहे तर," ती म्हणाली. "कच्च्या कागदासाठी कुणी खेकडा परत करतं होय?"

एवढ्यात आपला घोडा परत न्यायला विनी आली आणि कागदावर बोट ठेवून शेवटची ओळ वाचू लागली.

"नववे, सरकारी नोकर. मॉम, म्हणजे तू?"

कोरीनने मान डोलावली. लॉरेनबाई तिच्याकडे बघतच राहिल्या. मग त्यांनी बाळाला आपल्याकडे घेतलं आणि सुनेच्या ताटलीत सगळ्यांत आधी शेंगा वाढल्या.

विनीचं बोट अजून कागदावरच होतं. वरून खाली, मग खालून वर, 'संसदेने मर्यादा वाढवली नाही तर' या मथळ्यापर्यंत.

"मॉम, आणि ही मर्यादा ठरवणारे लोक कितवे?"