पृथ्वीच्या पोटात

"पृथ्वी करायला लागतं तरी काय, बाई? एक मोठा फुगा, ढीगभर रद्दी आणि बादलीभर खळ!"

बालवर्गाच्या ताईने हे इतक्या छातीठोकपणे सांगितलं, की ऐकणाऱ्याला वाटावं, हिने याआधी दोन-तीन ग्रह सहज हातावेगळे केले असतील.

मोठ्या बाईंनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. त्या शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या आणि त्यांची स्मरणशक्ती चांगली होती. "मागच्या खेपेला तुम्ही म्हणाला होतात, पाऊस करायला लागतं काय, एक किटली! माझ्या खोलीचं छत अजून वाळतंय."

"पण मुलांना पाऊस कळला ना!"

"मलाही कळला," बाई म्हणाल्या. "करा पृथ्वी. पालकांना दाखवायची आहे, एवढं लक्षात ठेवा. या वेळी काही सांडलं, फुटलं किंवा वाहिलं, तर यापुढे भिंतीवरचा तक्ता आणि हातातली छडी. बाकी सगळं बंद!"

ताई उड्या मारतच वर्गात आली. फुगा एवढा मोठा आणला होता, की तो फुगवता फुगवता शाळेच्या मावशींचे डोळे बाहेर यायची वेळ आली. "ताई, पृथ्वी होईल हो," त्या धापा टाकत म्हणाल्या, "पण ती बघायला मी उरायला हवी!"

मग कागद चिकटवणं सुरू झालं. निम्मे कागद फुग्यावर बसले, उरलेले एकमेकांवर. एक मुलगा, ज्याच्या गळ्यामुळे सगळे त्याला भोंगा म्हणत, कपाळापासून हनुवटीपर्यंत बातम्यांनी झाकला गेला होता आणि कमालीचा खूश होता. कागद वाळले, फुगा टाचणीने फोडला, वरच्या भोकातून त्याचं कातडं ओढून काढलं, आणि उलट्या ठेवलेल्या स्टुलाच्या चार पायांत पोकळ, टणक, खरीखुरी गोल पृथ्वी बसली! मुलांनी टाळ्या पिटल्या. सगळ्यात जोरात ताईने.

"आता पृथ्वीची कंबर मोजायची!" म्हणत तिने ॲप्रनच्या खिशातून टेप काढली.

टेप शिंप्याची होती, पिवळी. बाबांची. चाळीसएक वर्षं ती त्यांच्या गळ्यात होती. अंगठ्याने धरून धरून पहिले आकडे पार पुसले गेले होते. बाबा गेल्यावर दुकानातली यंत्रं, कात्र्या, कपाटं ज्याची त्याला गेली. टेप ताईच्या खिशात आली आणि तिथेच राहिली. तिने त्याबद्दल कुणाला काही सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखं काही नव्हतंच.

"मधोमध गुंडाळा. पृथ्वीच्या मधून जातं ते विषुववृत्त. म्हणजे समजा, तिचा कमरपट्टा!"

"तो नसला तर?" हा प्रश्न चौकशीचा. ती वर्गातली सर्वात लहान मुलगी, आणि सकाळी दप्तर ठेवल्यापासून ती चौकशीच करत असे. म्हणून ते नाव.

"नसला तर काय... पृथ्वी सुटेल!" ताई हसत म्हणाली. नेमकं तेव्हाच मोठ्या बाईंचं बोलावणं आलं. छत पुन्हा ठिबकत होतं.

ती परतली तेव्हा खळीची बादली पृथ्वीपाशी होती आणि मुलांनी आपण होऊन मधोमध कागदाचा आणखी एक सुबक थर चढवला होता.

"अरे वा! न सांगता? शाब्बास रे माझ्या राजांनो!"

संध्याकाळी तिने सवयीने खिशात हात घातला, तर टेप नाही.

तिने सतरंज्या झटकल्या. रद्दी उपसली. खळीच्या बादलीत कोपरापर्यंत हात घातला.

"काय शोधताय?" मावशींनी विचारलं.

"काही नाही. टेप."

"एवढंच ना! कोपऱ्यावरच्या दुकानात ढिगाने मिळतात. उद्या येताना आणते की."

"आणा," ताई म्हणाली आणि हात धुवायला गेली. हात धुवायला तिला बराच वेळ लागला. घरी आईलाही ती काही बोलली नाही.

दुसऱ्या दिवशी पृथ्वीच्या अंतरंगाचा धडा होता. आधी भूकंप झाला. ताईने टेबल गदागदा हलवलं, मुलं किंचाळत टेबलांखाली शिरली आणि 'पुन्हा! पुन्हा!' म्हणत भूकंप मागून घेऊ लागली. मग तिने सांगितलं, की सोनं, हिरे, जे जे मौल्यवान, ते सगळं पृथ्वीच्या पोटात असतं.

"मौल्यवान म्हणजे?" चौकशी.

"म्हणजे जे हरवलं तर माणूस रडेल, असं काहीतरी."

"आपल्या पृथ्वीच्या पोटात काय आहे?"

"आपल्या? आपल्या पृथ्वीच्या पोटात हवा!"

वर्गावर शोककळा पसरली. "पृथ्वी उपाशी!" म्हणून भोंग्याने असा सूर लावला, की शेजारच्या वर्गाने खिडक्या लावून घेतल्या. ताई निळा रंग कालवत होती, एक डोळा अजून सतरंजीखाली काही पिवळं दिसतंय का याकडे होता. तशीच बोलून गेली, "अरे मग द्या तिला काहीतरी! रडता काय?"

बालवर्गाला सांगितलेलं काम बालवर्ग करतो. आपण काय सांगितलं, हे सांगणाराच विसरतो.

पुढच्या सकाळी मुलं फारच गुणी वागली. गुपचूप आली, पृथ्वीभोवती गर्दी करून कुजबुजली, आणि ताई रंग घेऊन येईपर्यंत वरच्या भोकावर पांढरा कागद चिकटवून मोकळी झाली.

"उत्तर ध्रुवावर बर्फ! आम्ही लावलं!"

"काय हुशार आहात रे!" ताईने प्रत्येकाची पाठ थोपटली. मग समुद्र निळा झाला, जमीन हिरवी झाली, आणि दुपारनंतर पालक येऊ लागले.

पालक आले ते तणतणतच. एका आईची स्कूटरची किल्ली सापडत नव्हती; ती बसने आली होती. एका वडिलांचा फोन सकाळपासून गायब होता आणि त्यांनी त्यावरून घरात सगळ्यांशी भांडण उरकलं होतं. भोंग्याचे आजोबा हाताने तोंड झाकून बसले होते, कारण खालची कवळी वाटीतून नाहीशी झाली होती. आणि मोठ्या बाई टेबलाचे खण उघडत-मिटत फिरत होत्या. "माझ्या कपाटाची किल्ली कुणी पाहिली का? बक्षिसं आत आहेत!"

"आज सगळ्यांचं सगळंच कसं हरवलंय?" ताई चकित होऊन म्हणाली. स्वतःची टेप आठवून तिला उगाच जरा सोबत वाटली.

"माझा नंबर लावून बघा बरं," फोनवाले वडील शेजाऱ्याला म्हणाले.

शेजाऱ्याने नंबर लावला.

आणि पृथ्वी वाजली!

वाजली म्हणजे नुसती वाजली नाही, थरथरली. फोन आत ढोल बडवल्यासारखा घुमत होता आणि स्टूल फरशीवर टकटक नाचत होतं. मग भोंग्याने शिकवलेलं चोख आठवून आरोळी ठोकली, "भूकंऽऽप!"

अख्खा वर्ग टेबलांखाली! त्यांच्या मागून तीन आया, आणि गुडघ्यांची तक्रार असलेले आजोबा सगळ्यांच्या आधी! या धांदलीत कुणाचा तरी पाय स्टुलाला लागला. पृथ्वी कलली, जरा विचारात पडल्यासारखी थांबली, आणि खाली उतरून दाराकडे निघाली.

"धरा! धरा तिला!"

पण पोटात ऐवज असलेली पृथ्वी सरळ चालत नाही. खुळखुळ्यासारखी वाजत, झोकांड्या खात ती मोठ्या बाईंच्या उजवीकडून जाणार असं दाखवून डावीकडून गेली. व्हरांडा ओलांडला. बागेकडे जाणाऱ्या उतारावर तिने जो वेग घेतला, तो पाहून मुलांनी टेबलांखालून जल्लोष केला. "पृथ्वी फिरते! ताई, खरंच फिरते!" मागे ताई, ताईमागे मावशी, मावशींमागे पालक, पालकांमागे हात पसरलेल्या मोठ्या बाई. पायरीवरून पृथ्वी उडाली, फाटकाच्या खांबावर आदळली आणि थांबली.

उत्तर ध्रुव टोपणासारखा उडाला आणि पृथ्वीने आपला खजिना ओकला! स्कूटरची किल्ली. कपाटाची किल्ली. फोन, अजून वाजत असलेला. टीव्हीचा रिमोट. कुणाच्या तरी आजीची गुडघ्याला लावायची मलमाची ट्यूब. एक बाटलीचं बूच, ज्याचं मोल त्याच्या मालकालाच ठाऊक.

"मी माझी धाकटी बहीण आणणार होतो," एक मुलगा खंतावून म्हणाला. "पण ती भोकातून गेली नसती."

सगळ्यांचं सगळं मिळालं, फक्त कवळी आली नाही. हलवलं की आत वाजे, पण बाहेर येईना. लगद्याच्या कुठल्याशा कपारीत ती अडकली होती. मधोमध पृथ्वीला मात्र आडवी भेग पडली होती. दोन अर्ध्या वाट्या कशानेतरी एकत्र धरल्या होत्या.

"कात्री आणा," मोठ्या बाई म्हणाल्या. "ही मधली पट्टी कापली की उघडेल. तशीही संपलीच आहे ही पृथ्वी."

कात्री आली. ताई खाली वाकली. जिथे निळा रंग टवका होऊन उडाला होता, तिथे समुद्राखालून काहीतरी पिवळं दिसत होतं. त्यावर काळे आकडे. पुढे, टोकाकडे, आकडेच नाहीत. नुसती घासलेली, गुळगुळीत जागा.

"थांबा! कापू नका!"

ताईचा एवढा मोठा आवाज शाळेने कधी ऐकला नव्हता. भोंगासुद्धा आदराने पाहू लागला.

"माझ्या बाबांची टेप आहे ती," ती हळू म्हणाली. "त्यांच्या दुकानातली."

मोठ्या बाईंनी कात्री मागे घेतली आणि उगाच पदराने पुसली.

"तूच म्हणालीस ना," चौकशी पुढे होऊन म्हणाली, "कमरपट्टा नसला तर पृथ्वी सुटेल. म्हणून मी लावला. मग नाही ना सुटली?"

"नाही गं," ताई म्हणाली. "नाही सुटली."

तेवढ्यात आजोबांनी तोंडावरचा हात काढला. "लाहू द्या, पोली," ते दातांशिवाय जमेल तेवढं स्पष्ट म्हणाले. "कापू नका. दात काय, नवे कलता येतात."

"आजोबा, अहो, जेवाल कसे?"

"पेज पिईन!"

"माझा हात मावतो!" चौकशीने कुणाच्या परवानगीची वाट न बघता उत्तर ध्रुवातून खांद्यापर्यंत हात घातला. जीभ बाहेर काढून, डोळे मिटून तिने पृथ्वीचं पोट चाचपलं, आणि मग कवळी विजयी वीराने ढाल उंचवावी तशी उंच धरली. असा टाळ्यांचा कडकडाट झाला, की रस्त्यावरचे लोक फाटकातून डोकावले! आजोबांनी नळाखाली कवळी धुतली, बसवली, आणि पहिलं वाक्य स्पष्ट उच्चारलं, "पृथ्वीचा धडा उत्तम झाला."

पालकांनी हे एकमुखाने उचलून धरलं. फोनवाले वडील तर म्हणाले, त्यांच्या शाळेत पृथ्वी नुसती चित्रात होती. मोठ्या बाईंपुढे इलाज उरला नाही. "चालू ठेवा तुमचे प्रयोग," त्या म्हणाल्या आणि किल्ली गळ्यातल्या साखळीत अडकवली. "पण मला आधी कळवून."

मुलांनी भेगेवर नवे कागद लावले, टेपवर मात्र नाही. ती ताईने उघडीच ठेवायला सांगितली. उत्तर ध्रुव पुन्हा बसवायची वेळ आली तेव्हा चौकशी गंभीर झाली. "आतलं सगळं सगळ्यांनी परत नेलं. आणि ताई, तुझं तर बाहेरच आहे. आत तुझं काहीच नव्हतं?"

"काहीच नव्हतं."

"मावशीचं?"

"माझं कसलं मौल्यवान, बाई!" मावशी केर लोटत हसल्या.

चौकशी दोघींकडे फार कळवळून बघत राहिली. ताई ॲप्रन खुर्चीवर टाकून, झाडू घेऊन मावशींच्या मदतीला गेली; परतली तोवर उत्तर ध्रुव चिकटवून झाला होता. काम आटोपलं, मावशींनी दाराला ते दाबून बसणारं कुलूप लावलं, आणि दोघी आपापल्या वाटेने गेल्या. ताई तर जवळजवळ पळतच.

आई घराच्या पायरीवर भाजीची पिशवी घेऊन तिची वाट पाहत होती. ताईने तिथेच, उभ्या उभ्या, सगळं सांगून टाकलं. हरवलेलंसुद्धा.

"मग आणली का?"

"काढली तर पृथ्वी उसवेल, आई."

आई जरा वेळ पिशवीच्या बंदाशी चाळा करत राहिली. "पुरली का सगळीकडून?"

"दोन बोटं कमी पडली."

"मग बरोबर आहे," आई म्हणाली. "ते नेहमी म्हणायचे, कंबरेला दोन बोटं मोकळी ठेवावीत. माणूस पुढे जेवणार असतो." आणि मग डोळे पुसून, नेहमीच्या आवाजात, "चल, दार उघड. पाय दुखले माझे."

ताईने ॲप्रनच्या खिशात हात घातला. मग दुसऱ्या खिशात. मग पहिल्यात पुन्हा.

"काय गं? किल्ली हरवली?"

"छे, हरवली कसली," ताई सावकाश म्हणाली. "कुठे आहे ते पक्कं माहीत आहे."

तिने मावशींना फोन लावला. "मावशी, जरा शाळा उघडावी लागेल. उत्तर ध्रुव काढायचाय. शाळेची किल्ली तुमच्याकडेच आहे ना?"

"म्हणजे काय, ताई! कमरेला कायम असते माझ्या," मावशी ठसक्यात म्हणाल्या. "फक्त केर काढताना तेवढी टेबलावर काढून..."

आणि मग फोनमधून मावशी कंबर, पदर, पिशवी चाचपत असल्याची खसफस ऐकू येऊ लागली.