बैलांचं पहिलं सत्र

घटक पहिला : उद्दिष्टे

अख्ख्या जिल्ह्यात इंग्रजी शिकवता येणारा एकच माणूस आहे आणि तो सध्या आंघोळ करतोय, असं वामनरावांचं स्वतःबद्दल प्रामाणिक मत होतं!

मोताळ्याच्या अलीकडच्या त्या गावात ते नव्या शाळेवर इंग्रजीचे मास्तर होते. महाराष्ट्र होऊन तीन पोळे उलटले होते. राज्य नवं, शाळेवरचे पत्रे नवे, वामनरावांचा चष्मा नवा. मग अभ्यासक्रमच तेवढा जुना काऊन? पुस्तकात काय, तर बर्फ! आणि शेकोटीपाशी बसलेलं मांजर! इथे उन्हाळ्यात कावळे रांजणाच्या सावलीत जीभ काढून बसतात, आणि पोरांनी बर्फावर निबंध लिहायचा?

"अहो, पाणी थंड झालं असेल!" अन्नपूर्णाबाईंनी बाहेरून आवाज दिला.

"होऊ दे! सुचलं!" वामनराव तसेच निथळत बाहेर आले. "पाचवी ते सातवी! साहित्य, लेखन, संभाषण, सगळं इथलं! निबंध स्वतःच्या बैलावर! आणि कविता म्हणजे झडती! पोळ्याला आपली माणसं तोरणाखाली म्हणतात ना, तश्शी!"

"इंग्रजीत?"

"इंग्रजीत!"

"आधी धोतर नेसा. मराठीत."

घटक दुसरा : मंजुरी

शाळा समितीचे अध्यक्ष होते किसनराव पाटील. त्यांची सही झाली की अभ्यासक्रम लागू. नाही झाली की तेच बर्फ आणि तेच मांजर, वामनराव निवृत्त होईपर्यंत!

वामनरावांनी ओसरीवर उभं राहून आपला आराखडा असा वाचला, की गोठ्यातल्या म्हशीनंही रवंथ थांबवला. किसनराव सुपारी कातरत ऐकत होते. झडतीपाशी अडकित्ता थांबला.

"म्हणजे पोळ्याले तोरणाखाली पोरं इंग्रजीत झडती म्हणतीन?"

"खड्या आवाजात!"

"रामरावाच्या समोर?"

"अगदी नाकासमोर!"

किसनरावांची कळी खुलली. पोळ्याचं तोरण तोडायचा पहिला मान त्यांच्या जोडीचा, दुसरा रामरावांच्या जोडीचा. आणि पहिल्या मानाकडे रामरावांचं घराणं तीन पिढ्यांपासून खळ्यावरच्या कावळ्यासारखं टपून बसलं होतं.

"मंग करा सुरू! पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सही. पण मास्तर, माह्या मानाले धक्का लागला ना, तर तुमचा कागद आन् तुमी, दोघंही मोताळ्याच्या एष्टीत!"

वामनरावांनी फक्त पहिलं वाक्य ऐकलं.

गृहपाठ

संभाषणाचा गृहपाठ सोपा होता. रोज घरी कुणाला तरी इंग्रजीत हुकूम सोडायचा. कम! गो! टर्न! सिट! स्टँड अप! ऐकणाऱ्याला बक्षीस म्हणून गुळाचा खडा.

दोनच दिवसांत वच्छलाबाई लाटण्यासकट वर्गात उभ्या!

"मास्तर, हे काय शिकवून राह्यले पोट्ट्याइले? माह्या सासऱ्याले दमा. रातभर खोकलून आता कुठं डोळा लागला होता, तं हे पोट्टं कानात वरडते, 'ष्टांडप'! बुढ्याले वाटलं, यमच आला! उठले धडपडत, तं यानं तोंडात गूळ कोंबला!"

"पण उठले ना? म्हणजे आकलन झालं!"

लाटणं वर गेलं. वामनरावांनी जागच्या जागी अभ्यासक्रमात दुरुस्ती केली. 'स्टँड अप' दुसऱ्या सत्रात! शिवाय नवा नियम : हुकूम अशालाच सोडायचा, ज्याला त्याचा राग येत नाही.

वर्ग विचारात पडला. गावात असं कुणी होतं का?

सातवीतल्या गीताला मात्र लगेच सुचलं. ती किसनरावांची लेक. घरात तिच्यावर हुकूम सोडायला आजीपासून धाकट्या भावापर्यंत सगळे तयार, तिचा हुकूम ऐकायला कुणी नाही. ती गुळाची पुरचुंडी घेऊन गोठ्यात गेली. तिथे चांद्या आणि गब्रू उभे होते. मानाची जोडी!

(वाचकहो, इथे वामनरावांना घाम फुटायला हवा होता. पण त्यांना हे कुणी सांगितलंच नाही. ते घरी बसून दुसरं सत्र आखत होते.)

सराव

पोळा आठवड्यावर आला आणि किसनरावांचा सालदार तुळशीराम धावत ओसरीवर आला.

"पाटील, घात झाला! चांद्या आन् गब्रू बहिरे झाले!"

"काय बकतं बे?"

"आईची आन! 'चाल' म्हनलं तं चालत नाहीत, 'हो' म्हनलं तं थांबत नाहीत. नुसते माह्या तोंडाकडे पाहत राह्यतात. तुतारीची काठी टोचली का मंग निंघतात!"

झालं! कोणी म्हणालं, नजर लागली. लिंबू उतरवलं. कोणी म्हणालं, कानात मळ साचला. लसणाचं तेल ओतलं. कोणी म्हणालं, हिंग. बैलांच्या कानांना आंब्याच्या लोणच्याचा वास यायला लागला! झडतीची प्रगती सांगायला आलेल्या वामनरावांनीही मोलाची भर घातली.

"काळजी नको पाटील! परीक्षा जवळ आली की माझे विद्यार्थीसुद्धा असेच बहिरे होतात."

बैल बहिरे नव्हते हो! हिशेबी होते. संध्याकाळी गीताची इंग्रजी आली की गूळ मिळायचा. सकाळी तुळशीरामाची मराठी आली की तुतारीची आर टोचायची. तुम्ही बैल असता, तर कुठली भाषा शिकला असता?

रिकामी जागा भरा

पोळ्याच्या दिवशी बैलाला .......... टोचत नाहीत.

(उत्तर : तुतारी. वर्षातला तेवढा एक दिवस!)

तोंडी परीक्षा

पोळा! शिंगांना बेगड, पाठीवर झुली, गळ्यात घुंगरमाळा! वेशीवर आंब्याच्या पानांचं तोरण. सगळ्यांत पुढे चांद्या आणि गब्रू, त्यांच्यामागे रामरावांची जोडी, त्यांच्यामागे गावातले झाडून सगळे बैल. बाजूला वामनरावांचा वर्ग धुतलेल्या कपड्यांत. आणि वामनराव? नवरदेवाच्या मामासारखे! सारखा चष्मा पुसत होते.

ढोल वाजला. "चाल रे चांद्या!" तुळशीराम ओरडला.

चांद्या हलला नाही.

"चाल बाप्पा गब्रू! चाल राजा!"

गब्रूने शेपटी तेवढी हलवली. तुळशीरामाने कासरा ओढला, दोघांनी मागून रेटलं, किसनरावांनी स्वतः हात जोडले. जोडी आपली पारासारखी घट्ट! तुतारी लावायची सोय नाही. ढोल थकला. मागच्या बैलांनी पुढच्यांना ढुशा द्यायला सुरुवात केली.

"काय हो किसनराव," रामरावांनी मिशीवर हात फिरवला. "पाय भरले जोडीचे? काढू का माही पुढं?"

किसनरावांचा चेहरा गुलालाच्याही पलीकडे गेला. वामनरावांना पाटलांचं तेव्हा न ऐकलेलं वाक्य आत्ता ऐकू आलं. मान गेला की सही गेली! पण त्यांच्या डोक्यात वीज चमकली. साहित्य कशासाठी असतं? मुक्यात प्राण फुंकायला!

"मुलांनो, झडती! एका सुरात!"

झडती गीताने रचली होती. वर्गाने बेंबीच्या देठापासून सुरुवात केली.

"कम कम, माय बुलक, कम!"

आणि चमत्कार! चांद्याचे कान ताठ! गब्रूची मान वर! जोडी डौलात निघाली ती थेट तोरणापाशी! लोक ओरडले, फेटे उडाले, किसनरावांनी वामनरावांना कडकडून मिठी मारली. "वा मास्तर! वा! तोडा रे तोरण!"

"टर्न टर्न, टर्न राउंड!" वर्ग रंगात आला होता.

जोडी गर्रकन वळली. तोरणाकडे पाठ, रामरावांच्या बैलांकडे तोंड!

"थांबवा!" वामनराव किंचाळले. पण कवितेला एकदा लय सापडली की कवी कुणाच्या बापाचं ऐकत नाही.

"सिट सिट, ऑन द ग्राउंड! हर बोला हर हर महादेव!"

आणि मानाची जोडी, झुलीसकट, बेगडासकट, भर वेशीत मटकन खाली बसली.

मग रामराव हसले. मग त्यांचा सालदार. मग सगळं गाव!

"मास्तर," किसनराव दातांतून म्हणाले, "ज्यानं बसोलं, त्यानं उठवा."

"गीता!" वामनरावांनी हाक मारली. "उठायला सांग त्यांना! लवकर!"

गीता गोंधळली. "गुरुजी, ते कसं सांगू? 'स्टँड अप' तं तुमी दुसऱ्या सत्रात टाकलं ना!"

वामनरावांच्या डोळ्यांपुढे तारे नाही, वच्छलाबाईंचं लाटणं चमकलं. पण ते हाडाचे शिक्षक! त्यांनी तिथेच दुसरं सत्र सुरू केलं. प्रात्यक्षिक पद्धतीने! एका हातात नैवेद्याची पुरणपोळी धरून ते बैलांसमोर मातीत बसले. "स्टँड अप!" म्हणाले आणि उठले. पुन्हा बसले. "स्टँड अप!" उठले. चांद्याने बसल्या बसल्या मान लांब केली आणि पुरणपोळी खाल्ली.

"मास्तर चांगले उठून राह्यले!" गर्दीतून कोणीतरी दाद दिली. "बैलं कवा उठतीन?"

वामनराव इरेला पेटले. आता नियम समजावून सांगितल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. एक बोट वर करून त्यांनी इंग्रजीतून क्रियापदाचं विवेचन सुरू केलं. मूळ रूप, भूतकाळ, अपवाद.

गब्रूने थोडं ऐकलं. चांद्याने जांभई दिली. मग दोघे एकमेकांकडे पाहून उठले, वळले आणि विवेचन तिथेच टाकून तोरण शिंगांवर घेऊन तडक घराकडे निघून गेले!

(पोरांना असं कधी करता आलं नव्हतं, एवढाच काय तो फरक.)

"तोडलं! तोडलं!" किसनराव नाचायला लागले. "रामराव, पाहा! तोडलं का नाही?"

घटक पहिला : सुधारित

दुसऱ्या दिवशी किसनरावांनी खरोखर सही केली. वामनराव हवेत तरंगत होते. पण कागद किसनरावांच्या हातातून सुटेना.

"मास्तर, परवापासून कपाशीत डवरे घालाचे हायेत. बैलं तं फकस्त इंग्रजी ऐकतात. तुळशीरामाच्यानं इंग्रजी होत नाही, आन् मले पाटीलकीत शोभत नाही. बिघडोले तुमी, सुधरवा तुमीच. रोज शाळेच्या आधी यायचं."

"पण पाटील, मी इंग्रजीचा..."

"कागद देऊ का ठेवू?"

दुपारी वामनराव घरी कोरा कागद घेऊन बसले. समास आखला. विषय : मराठी. विद्यार्थी : चांद्या, गब्रू. उद्दिष्ट : 'चाल' म्हटल्यावर चालणे.

अन्नपूर्णाबाईंनी खांद्यावरून वाकून वाचलं. त्यांचे खांदे हलत होते, पण आवाज त्यांनी आवरला. "गूळ किती मागवू?"

"एक ढेप," वामनराव मान खाली घालून म्हणाले. थोड्या वेळाने हळूच वर पाहिलं. "आणि हसू नको. या खेपेला 'ऊठ' पहिल्याच सत्रात घेतलंय!"