करपलेल्या पावाची साक्ष

डॉ. फिलिपा लोनर्गन यांनी विसाव्या मजल्यावरील छोट्या स्वयंपाकघरात टोस्टरमध्ये पावाचे दोन तुकडे घातले आणि तेवढ्यात त्यांना व्याख्यानाचे बोलावणे आले. न्याहारी तशीच टाकून त्या सभागृहात गेल्या. पर्थच्या त्या उत्तुंग मनोऱ्याच्या मालकांनीच सभागृह मोठ्या सौजन्याने दिले होते. फिलिपा याच इमारतीविषयी बोलणार आहेत, हे मालकांना ठाऊक नव्हते.

फिलिपांचा सिद्धान्त असा होता : मनोरा किती भरलेला आहे हे बँका भाडेकरारांवरून ठरवतात आणि त्यावर कर्ज देतात, परंतु करार केलेली कंपनी तेथे बसतेच असे नाही. कराराची मुदत संपली की ती निघून जाते, भाडे थांबते आणि कर्ज बुडते. म्हणून माणसांचे अस्तित्व कागदावरून नव्हे, तर शौचालयांत खर्च होणाऱ्या पाण्यावरून ताडावे. या हिशेबाने हा मनोरा निम्मा रिकामा होता.

श्रोत्यांत बँकेच्या कर्जविभागाचे प्रमुख ग्रॅहम वर्डन बसले होते. संशोधनासाठी लागणारी कर्जांची सगळी माहिती त्यांच्याच बँकेची होती. त्यांना पद्धत पटली नाही तर माहिती बंद होणार होती, आणि माहितीबरोबर फिलिपांची विद्यापीठातील नोकरीही.

"म्हणजे फिलिपा," ग्रॅहम म्हणाले, "उद्यापासून मी कर्ज द्यायचं ते संडासाची टाकी बघून?"

सभागृहात हशा पिकला. इमारतीचे व्यवस्थापक डॅरिल हॉस्किन यांनी ती संधी साधली. "अहो बाई, आमचे भाडेकरू सभ्य लोक आहेत. घरून आटपून येतात."

हशा ओसरण्यापूर्वीच आगीची घंटा वाजू लागली. फिलिपांना पावाचे स्मरण झाले. परक्याच्या इमारतीत आपणच आग लावली, या विचाराने त्या सर्वांसमवेत मुकाट्याने जिना उतरू लागल्या.

मनोऱ्यासमोरील पदपथावर सारे जमले. तेथे सुरक्षेचा नियम डॅरिलना चुकवता येण्याजोगा नव्हता. पांढरे शिरस्त्राण चढवून त्यांना एकेका मजल्याचे नाव पुकारावे लागले. मजल्यावरील पिवळ्या शिरस्त्राणवाल्या माणसाने "सगळे बाहेर" असा प्रतिसाद द्यायचा, ही रीत. चौथ्या मजल्याने प्रतिसाद दिला. पाचवा मौन राहिला. सहावाही. सातवा पुकारताना डॅरिलचा स्वर खाली आला होता आणि नववा तर त्यांनी जवळजवळ स्वतःशीच उच्चारला. एरवी असा मनोरा रिकामा झाला म्हणजे रस्ता अडतो. येथे मात्र पदपथावरून एक बाई बाळाची गाडी ढकलत निर्विघ्नपणे निघून गेली.

ग्रॅहम वर्डन बराच वेळ ती विरळ गर्दी न्याहाळत उभे होते. मग त्यांनी फिलिपांना बाजूला घेतले. "पुरावा झकास आहे. पण एक सांग, ही घंटा तू मुद्दाम वाजवलीस का? तसं असेल तर हा नैसर्गिक प्रयोग नाही, नाटक आहे. मग मी यातलं काहीच धरणार नाही."

फिलिपा सत्यनिष्ठ होत्या. मुद्दाम नव्हे, पण पाव आपलाच, असे सांगण्यास त्यांनी तोंड उघडले तोच अग्निशमन दलाचा अधिकारी बाहेर आला. त्याच्या हातात कोळसा झालेला पाव होता.

"अकरावा मजला," तो म्हणाला. "खुर्ची नाही, टेबल नाही, माणूस नाही. कोऱ्या गालिच्यावर एकटा टोस्टर."

"आणि विसाव्यावर?" फिलिपांनी चाचरत विचारले.

"तिथे दोन तुकडे आहेत, पांढरेशुभ्र. बाई, खटका दाबल्याशिवाय पाव भाजत नाही."

सर्वांची दृष्टी डॅरिलकडे वळली. त्यांनी शिरस्त्राण काढले आणि पडलेल्या आवाजात खुलासा केला. मधल्या सुट्टीत बँकेच्या मंडळींना अकरावा मजला दाखवण्याचा बेत होता. घर विकताना पाव भाजून ठेवतात, तसा जरा माणसांच्या वावराचा वास यावा म्हणून खटका खाली अडकवून टोस्टर लावला होता. पुढे व्याख्यानात हसण्याच्या भरात तो विसरला.

"माणसं नाहीत म्हणून वास ठेवलास होय, डॅरिल?" ग्रॅहम म्हणाले. मग फिलिपांकडे वळून त्यांनी हात पुढे केला. "पुढची पाच वर्षं आमची सगळी माहिती तुझी. शहरातला एकेक मनोरा तपास. फक्त आमचं मुख्य कार्यालय सध्या राहू दे."

का, असे फिलिपांनी विचारले नाही. विजयाच्या क्षणी त्यांना ते शोभले नसते.

पुढच्या सोमवारी त्या बँकेच्या मुख्य कार्यालयात प्रत्येकाच्या मेजावर पाण्याची एकेक नवी बाटली आली. सोबतच्या सूचनेत आरोग्याच्या हितासाठी भरपूर पाणी पिण्याची, आणि त्यानंतरची सर्व कामे कार्यालयातच उरकण्याची कळकळीची विनंती होती.